प्रमिलाचं पान

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत ईरप्पाचं धान्याचं दुकान होतं, पण गल्लीत त्याला कुणी दुकानावरून ओळखत नव्हतं. 'पोथीवाल्या गुरम्माचा मालक' म्हटलं की पत्ता लागायचा. गुरम्मा पहाटे उठायची, आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायची, मन लावून पूजा करायची. मग कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि दिवसभर ते कपाळ असं जपायची, की पदरानं घाम टिपतानासुद्धा तेवढी जागा सोडून टिपायची. तिला मूल झालं नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी चारचौघींत गायलं नाही. पण श्रावण लागला की दुपारी तिच्या सोप्यात गल्लीतल्या बायका जमायच्या, ती चौरंगावर पोथी उघडायची, आणि महिनाभर त्या सगळ्यांची आई असल्यासारखी वागायची. कोण उशिरा आली, कुणी जांभई दिली, कोण शेजारणीला कोपरानं ढोसतेय, सगळं तिला ओवीवरची नजर न हलवता दिसायचं.

पोथी सासूची. सासूनं घालून दिलेल्या दोन रीती गुरम्मानं मोडल्या नव्हत्या. एक म्हणजे पोथी चालू असताना हातात काम घ्यायचं नाही. हात जोडलेले नाहीतर मांडीवर मोकळे. दुसरी रीत समाप्तीची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शेवटचा अध्याय व्हायचा. त्याआधी प्रत्येक बाईनं आपलं एकच मागणं गुरम्माच्या कानात सांगायचं, आणि गुरम्मानं त्या बाईचं नाव घेऊन ते देवापुढं मोठ्यानं मांडायचं. मग जिचं नाव घेतलं तिचं पान वाढायचं. ती जेवली म्हणजे मागणं पोचलं. पोथी वाचणारीनं मात्र स्वतःसाठी काही मागायचं नाही, आणि सगळ्या उठल्यावर जेवायचं. सासू तशीच जेवायची, आता गुरम्मा जेवायची.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात गुरम्माची धाकटी जाऊ दाक्षायणी पुण्याहून राहायला आली. तिचा नवरा शिवशरण पिंपरीच्या कारखान्यात होता; कारखान्यानं त्याला काही दिवस बेंगळूरला शिकायला पाठवलं, तेव्हा ही एकटी तिथं काय करणार म्हणून सासरी. मूळची अक्कलकोटकडची, पण पुण्यात दोन वर्षं काय राहिली, 'हाय'चं 'आहे' झालं आणि 'न्हाय'चं 'नाही ना हो'. गुरम्माला ते कानाला टोचायचं. तरी तिनं तोंड वाकडं केलं नाही. जाऊबाईला गरम भाकरी वाढली, झोपायला खिडकीकडची जागा दिली.

पहिल्याच दुपारी दाक्षायणी मागच्या अंगणात पाय लांब करून शेंगा फोडत बसली. शेजारची नागूबाई पाणी भरायला आली होती. ती म्हातारी तिच्यापाशी टेकली.

"दाक्षा, तुज्या घरी ती टीव्हीची पेटी हाय म्हनं. केवढी असती गं?"

"आपल्या पिठाच्या डब्याएवढी. पुढं काच असते."

"आन् त्यातली माणसं?"

"वीतभर. पण घटकाभर बघितलं की आपल्याएवढी वाटायला लागतात."

सोलापुरात टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. तो पुण्या-मुंबईत दिसायचा. नागूबाईनं घागर बाजूला ठेवली. दाक्षायणी म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळी एक नाटक लागतं. सगळं एका दिवसात संपत नाही, दर शुक्रवारी थोडं थोडं. त्यात एक प्रमिला म्हणून सून आहे. आमच्या चाळीतल्या बायका शुक्रवारी चारलाच चुली पेटवतात, तिच्यासाठी.

"एवढं काय हाय तिच्यात?"

"काय सांगू. सकाळी सासूला तोंडावर म्हणते, तुम्ही मेल्यावर मी घरभर साखर वाटीन. आणि रात्री त्याच सासूच्या पाठीला झालेली जखम स्वतःच्या हातानं धुते, नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नाही. एकादशीला देवापुढं डोळे मिटून बसते, आणि मोरीच्या दाराआड उभी राहून भजी खाते. नवऱ्याशी खोटं बोलते. पण दूधवाल्याच्या पोराला ताप आला तर आपल्या हातातली बांगडी काढून देते. आणि ती बांगडी चोरीला गेली म्हणून मोलकरणीचं नाव घेते."

"अगं बया," नागूबाई म्हणाली. "मग चांगली म्हनायची का वाईट?"

"तेच तर कळत नाही."

आत गुरम्मा पीठ मळत होती. तिचा हात थांबला. तेच तर कळत नाही म्हणजे काय? तिच्या पोथीत माणूस आत आला की दुसऱ्या ओवीत कळायचं, हा भक्त का हा पापी. पापी असला तरी अध्याय संपेस्तोवर पायावर डोकं ठेवायचा. हे असलं अर्धं इकडं अर्धं तिकडं कोण ऐकणार, म्हणून ती पुन्हा मळायला लागली. पण पीठ जरा सैलच झालं त्या दिवशी.

ऐकणाऱ्या मात्र निघाल्या. दुसऱ्या दिवशी नागूबाईनं आणखी तिघींना आणलं. तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली नरसम्मा आली. ती तेलुगू साळ्याची बाई, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. गुरम्मानं कितीतरी श्रावण तिला पोथीला बोलावलं होतं. ती दरवेळी म्हणायची, "येतो अक्का, पन हात रिकामा ठेवला तर चालत नाही." आणि सूप घेऊन यायचं तर तंबाखू पोथीजवळ कशी चालावी? आता ती अंगणात सूप मांडीवर घेऊन बसली, बोटं विडी वळत होती, कान प्रमिलाकडं. तिच्या मागं पारूबाई आली, दवाखान्यात कामाला जाणारी. पारूबाईच्या घरच्यांनी छप्पन साली देव सोडले, त्यामुळं ती पोथीच्या वाटेला कधी गेली नव्हती. तिनं दारातच सांगितलं, "पोथी असंल तर मी जाते. त्या पुण्याच्या बाईचं असंल तर बसते."

गुरम्मा दुपारी तीनला सोप्यात पोथी उघडायची. बायका यायच्या, नाही असं नाही. पण एके दिवशी नागूबाईनं बसता बसता विचारलं,

"गुरम्मा, आजचा अध्याय मोठा हाय का ल्हान?"

"का गं? चुलीवर काय ठिवून आलीस?"

"न्हाय, आपलं इचारलं."

त्या दिवशी गुरम्मानं मुद्दाम सावकाश वाचलं. प्रत्येक ओवीचा अर्थ सांगितला, अर्थाचा अर्थ सांगितला. बायका मान डोलवत होत्या, पण माना सगळ्या अंगणाच्या दाराकडं झुकलेल्या. तेवढ्यात बाहेर दाक्षायणीनं प्रमिलाच्या सासूचा आवाज काढला, खरखरीत, नाकातला. नरसम्मा खुदकन हसली. सोप्यातल्या दोघी 'आलोच' म्हणून उठल्या, आणि आल्याच नाहीत.

गुरम्माला राग यायचा तो आधी दाक्षायणीचा. धड बसायला येत नाही, डोक्यावर पदर नाही, तोंडात शेंगदाणा, आणि हिच्या तोंडून निघालेलं बायका असं झेलतात की जणू प्रसादच. आपण पाठ मोडेस्तोवर वाचतो. आपल्या घशाला कोरड पडते तेव्हा कुणी पाण्याचा तांब्या पुढं करत नाही. हिला नागूबाई घरनं ताक आणून देते. मग राग प्रमिलावर सरकायचा, आणि तिथं तो नीट बसायचा, कारण ती समोर नव्हती. मोठी आली सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढून घेणारी. दाक्षायणीनं तो भाग सांगितला तेव्हा गुरम्मा दाराआड तांदूळ निवडत उभी होती. प्रमिलानं जुडगा ओढला, आपल्या कमरेला खोचला, आणि मग खाली बसून सासूचे पाय धुतले. गुरम्मानंही सासूचे पाय धुतले होते, शेवटपर्यंत. जुडगा मात्र तिला सासूच्या मढ्यावरून काढून घ्यावा लागला. जिवंतपणी ओढायचं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिनं देवाची क्षमा मागितली होती. या बाईनं ओढलाही आणि पायही धुतले, आणि गल्ली तिच्यावर जीव टाकते. गुरम्माच्या हातातल्या तांदळात खडे तसेच राहिले.

रात्री जेवताना ईरप्पाच्या दाताखाली एक आला. त्यानं तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता. घास गिळून म्हणाला,

"त्या बाईचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"ती की, किल्ल्या घेतलेली. दुकानात बी बोलत होती माणसं."

इतक्या श्रावणांत त्यानं 'आज पोथीत काय झालं' असं एकदाही विचारलं नव्हतं. गुरम्मानं आमटीचा डाव भांड्यात आपटला. "मेली नसंल अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. गुरम्मा सिद्धेश्वराच्या देवळात गेली, तळ्याच्या कडेनं चालत, उपाशीपोटी. पिंडीवर बेल वाहताना बाकीच्या बायका डोळे मिटून काय काय मागतात, ते तिला ठाऊक होतं. तिनं स्वतः कधी काही मागितलं नव्हतं; मूल होईना तेव्हा मागितलं तेवढंच, तेही फार मागं. त्या दिवशी बेलाचं पान हातात धरून तिच्या मनात शब्द आले: देवा, त्या बाईचा पाय मोड. घरोघर फिरती, तिला बशीव एका जागी. पान वाहून झालं, तेव्हा तिला कळलं आपण काय वाहिलं. पण मागचीनं धक्का दिला, आणि ती पुढं सरकली.

त्याच दुपारी दाक्षायणी अंगणात सांगत होती, "आणि मग काय, विहिरीवर पाय घसरला प्रमिलाचा. मोडला. खाटेवर पडली."

सोप्यात गुरम्माच्या हातून पोथीचं पान दोनदा उलटलं. हे नाटक महिन्यापूर्वी पुण्यात होऊन गेलंय, दाक्षायणी नुसतं सांगतेय, एवढं तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण सकाळी मागितलं आणि दुपारी झालं, याला काय म्हणायचं? तिचं मागणं देवानं कधी एवढं ताबडतोब ऐकलं नव्हतं. जे ऐकायला पाहिजे होतं ते ऐकलं नाही, आणि हे ऐकलं.

मंगळवारी पहाटे ती पुन्हा देवळात गेली. पुजारी म्हणाला, "अव्वा, आज कसं काय? आज मंगळवार."

"काल एक चुकून दिलं होतं," गुरम्मा म्हणाली. "परत न्यायला आले."

पुजारी हसला, त्याला वाटलं तांब्या-बिंब्या विसरली असेल. गुरम्मानं पिंडीपुढं नाक घासलं आणि मागणं परत घेतलं. त्यानंतर रोज दुपारी तिचा एक कान अंगणात लागलेला असायचा. कुणी विचारलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं, पण चार दिवसांनी दाक्षायणी म्हणाली, "आज काठी टेकत उभी राहिली," तेव्हा गुरम्मानं पोथीला मनापासून नमस्कार केला, तो कुठल्या ओवीला हे तिचं तिलाच ठाऊक.

म्हणून मत्सर गेला, असं काही झालं नाही. उलट वाढला. आता तिला पुढचं ऐकावंसं वाटायचं, आणि ते दाक्षायणीच्याच तोंडून ऐकावं लागायचं, तेही दाराआडून, आपल्याच घरात. प्रमिलाचं कुठं चुकलं ते तिला नेमकं सांगता आलं असतं. सांगायला कुणी बोलवत नव्हतं.

शेवटचा आठवडा आला. सोप्यात दोघी उरल्या होत्या, त्यातली एक भिंतीला टेकून झोपायची. आणि बुधवारी दाक्षायणीची गोष्ट संपली. संपली म्हणजे तुटली. मोलकरणीवरचा बांगडीचा आळ खोटा होता, हे घरात कळलं. नवरा म्हणाला, तिची माफी माग नाहीतर निघ. प्रमिलानं पिशवी भरली, किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला, आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

"मग?" नागूबाई म्हणाली.

"मग काय. तिथंच संपलं त्या शुक्रवारी. शनिवारी मी गाडीत बसले."

"म्हंजे तू तिला तितंच सोडून आलीस?"

"मी कुठं सोडलं? गाडीचं तिकीट काढलेलं होतं ना हो."

आत गुरम्माला एकदम हलकं वाटलं. संपली कटकट. उद्यापासनं येतील सगळ्या. दुसऱ्या दिवशी तिनं सोपा शेणानं सारवला, चटया दोन जास्त घातल्या. तीन वाजले. बायका आल्या, आणि सोप्यातनं सरळ अंगणात गेल्या. प्रमिला जाईल का राहील, यावर तिथं भांडण जुंपलं. नागूबाई म्हणाली, जात न्हाई, असल्या बायका जात नसत्यात. नरसम्मा सुपातनं मान वर न करता म्हणाली, "किल्ली हातात हाय नं, किल्ली घेऊन कोन जातं?" पारूबाई म्हणाली, "माफी मागायची सोडून पिशवी कशाला भरली तिनं? मी त्या मोलकरणीच्या जागी असते तर तिला उंबऱ्यातच आडवी पाडली असती." आणि सगळ्याजणी हसल्या. आता तर दाक्षायणीचीही गरज उरली नव्हती. जी ती आपापली प्रमिला पुढं ढकलत होती.

समाप्तीला निदान पाच बायका लागतात. नाहीतर पोथी अर्धी राहिली असं सासू म्हणायची, आणि अर्धी राहिलेली पोथी पुढच्या श्रावणात उघडायची नाही. गुरम्माला कधी मोजायची वेळ आली नव्हती. शनिवारी ती आयुष्यात पहिल्यांदा समाप्तीचं आमंत्रण द्यायला दारोदार निघाली. पहिलं दार नागूबाईचं.

"येतो की," नागूबाई म्हणाली. "मी न्हाय म्हनंल व्हय? पर माजं मागणं औंदा मी त्या पोरीला दिलंय."

"कुठल्या पोरीला?"

"प्रमिलाला. आमी सगळ्यांनी तसंच ठरवलंय. आमची न्हाई, तिचं नाव घे देवापुढं. लई वाईट जागी आडकलीया."

"नागूबाई, ती काचेतली हाय. तिला न घर न दार."

"मग तर जास्तच घ्याय पायजे की."

गुरम्मा घरी आली आणि चुलीपुढं बसली. चूल पेटवलेली नव्हती. नागूबाईचे गुडघे, तिच्या पोराची नोकरी, दरवर्षीचं तिचं मागणं गुरम्माला पाठ होतं. तेसुद्धा तिनं सोडून दिलं. सगळ्यांनी दिलं, एका नसलेल्या बाईसाठी. इतके श्रावण आपण यांची नावं घेतली, एकेकीची पोरं मागितली, जावई मागितले, घशाला कोरड पडेस्तोवर मागितलं. आपल्याला स्वतःसाठी मागायला बंदी, हे यांना ठाऊक. तरी यातल्या एकीच्या मनात एकदाही आलं नाही, की औंदा माझं मागणं गुरम्माला. आणि त्या भजी खाणारीला पाच-पाच. तिनं पदर डोळ्याला लावला, आणि विभूती पुसली गेली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

दाक्षायणी दारात आली. "अक्का, चहा टाकू का?"

"तूच टाक. तुज्या हातचं सगळ्यास्नी ग्वाड लागतंय."

दाक्षायणीनं चहा टाकला. गुरम्मा कप उचलून म्हणाली, "सोमवारी नरसम्माला सांग, सूप घेऊन ये म्हणावं. आन् पारूबाईला बी बोलाव. पोथी मागच्या अंगणात वाचते. चौरंग बेलाखाली मांडू." दाक्षायणी बघत राहिली. "बघतीस काय? माझी बी पाच व्हायला पायजेत."

सोमवारी अंगण भरलं. सोप्यात मावल्या नसत्या एवढ्या बायका आल्या. नरसम्मा तंबाखूचं सूप घेऊन जरा लांब, न्हाणीच्या भिंतीला बसली. पारूबाई आधीच सांगून बसली, "तुमच्या देवाला तुमी सांगा. मी नुसती तिच्यासाठी आलीया." सगळ्यांच्या पोटात सोमवारचा उपास होता, दाक्षायणी आणि पारूबाईच्या सोडून. गुरम्मानं शेवटचा अध्याय वाचला. कुणी दाराकडं बघत नव्हतं. दार आता त्यांच्या पाठीशी होतं.

अध्याय झाला. मागण्याची वेळ आली. नियमानं नाव घ्यायचं, घर सांगायचं. गुरम्मानं विचारलं,

"दाक्षा, तिच्या मालकाचं नाव काय?"

"वसंतराव."

"आडनाव?"

"आडनाव कधी सांगितलंच नाही हो त्यांनी."

"असू दे," नागूबाई म्हणाली. "देवाला कळतंय."

"आन् मागायचं काय?" गुरम्मानं विचारलं. लगेच कालवा झाला. नागूबाईला ती घरात राहायला पाहिजे होती, कुणाला नवऱ्याला अद्दल, पारूबाईला आधी मोलकरणीची माफी. दाक्षायणी म्हणाली, "मला वाटतं, तिला नोकरी लागू दे." गुरम्मानं हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या. पुष्कळ दिवसांनी तिच्या हातानं सगळ्या गप्प झाल्या, आणि ते तिला कळलं.

तिनं बेलाचं पान घेतलं. मनात म्हटलं, आता हिचा पाय मोड म्हणाले तरी या ऐकतील. मग तिला ती दिसली. काचेतली नव्हे, वीतभर नव्हे. आपल्याच उंबऱ्यात उभी असल्यासारखी, हातात जुडगा, आणि कुणी तिच्याकडं बघत नाही.

"देवा," गुरम्मा म्हणाली. "वसंतरावांची प्रमिला, राहणार पुणे. खोटं बोलती. दुसरीवर आळ घेतला तिनं, ते तिनं फेडावं. पर सासूची जखम धुतली हाय, ते बी तुजं तू बघितलंस. देवा, कवाधरनं उंबऱ्यात उभी हाय. घरातलं कुणी तिला बस म्हनलं न्हाई, बाहेरचं कुणी ये म्हनलं न्हाई. जाऊ दे का राहू दे ते मागत न्हाई मी. तेवढं तिला जरा बसू दे. पोटात काय न्हाई तिच्या."

तिनं पान वाहिलं. नरसम्माच्या बोटातली विडी तशीच राहिली होती. नागूबाईनं नाक ओढलं. पहिली बोलली ती पारूबाई. "हे खरं बोललीस बग," ती म्हणाली.

मग पानं मांडली. गव्हाच्या खिरीसारखी गोड हुग्गी, आमटी, शेंगाची चटणी. पारूबाईचं पान त्याच ओळीत. सासू काय म्हणाली असती, हे गुरम्माच्या मनात आलं, आणि तिनं हुग्गीचा डाव जरा मोठाच घातला. शेवटी एक पान जास्त मांडलं, प्रमिलाचं. त्यावर कोण बसणार? नाव घेतलं तर पान जेवलं गेलं पाहिजे.

"दाक्षा बसंल," गुरम्मा म्हणाली. "तिच्याच घरनं आलीया ती."

दाक्षायणीला नको होतं, पण सगळ्यांनी तिला ओढून बसवली. मग चेष्टेला ऊत आला. "प्रमिला, आणखी वाढू का?" "भजी न्हाईत गं बाई आज." "किल्ल्या कुटं ठिवल्यास?" दाक्षायणी खाली मान घालून जेवत होती. रोज तिनं बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. आज तिला तोंड उघडायला जागा नव्हती. बायका हसत होत्या त्या प्रमिलाला, आणि बोलत होत्या ते गुरम्माच्या मागण्याचं. "कसं सांगितलं गं, डोळ्यापुढं उभी केली," नागूबाई म्हणाली. गुरम्मानं वाढता वाढता दाक्षायणीकडं पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुडी जराशी फुगलेली. ते तोंड गुरम्मानं ओळखलं. तिच्या पोटात असं काही गोड उतरलं की तिनं देवाची क्षमा मागितली, आणि दाक्षायणीच्या पानावर तुपाची धार सोडली, घट्ट, सढळ हातानं.

"बास अक्का."

"खा की. पुण्यात कुठलं मिळतंय."

नागूबाई जेवण आटोपून उठली. हात धुऊन आली, गुरम्माच्या हातातला डाव घेतला आणि म्हणाली, "सर बाजूला. आता तू बस. सकाळधरनं उभी हायस." गुरम्मा म्हणाली, रीत न्हाई, सगळ्या उठल्यावर. "बस म्हनलं की," नागूबाई म्हणाली. गुरम्मा बसली. बाकीच्या अजून जेवत होत्या, त्यांच्या ओळीत.

गौरी-गणपती व्हायच्या आत शिवशरण बेंगळूरहून परतला, आणि दाक्षायणी पुण्याला निघाली. तिला गाडीत बसवायला गुरम्मा स्टेशनवर गेली. चटणीचा डबा दिला, कडक भाकरी दिल्या, कुर्डुवाडीला उतरून पाणी भरू नकोस म्हणून बजावलं. समाप्तीनंतर दोघी गरजेपुरतंच बोलत होत्या. गाडीनं शिट्टी दिली. इतके दिवस दाबून ठेवलेलं गुरम्माला आता दाबवेना. ती खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाली,

"दाक्षा, एवढं शिवशरणकडनं निरोप धाड. ती गेली का राहिली?"

दाक्षायणीनं पदर सारखा केला आणि समोरच्या बाकाकडं बघत म्हणाली,

"मला काय विचारता, अक्का. तुम्हीच तर बसवलीत की तिला."

गाडी हलली. गुरम्मा गजाला हात लावून दोन पावलं चालली, मग हात सोडला.